खाजरा सुरण

"माय, सरळच विचारतो. ह्युबर्ट गेला, मूलबाळ नाय. इव्हाचं या घरात आता राहिलंय काय?"

झेवियरने हे ओटीवर बोलून टाकलं आणि चहाच्या कपात बघत बसला. आठवडाभर हे वाक्य तो कंपनीच्या स्टोअरमध्ये मनातल्या मनात घोळवत होता. तिथे ते बरं वाटत होतं. इथे, आईच्या समोर, ते एकदम उघडंबोडकं दिसायला लागलं.

उर्सुला लसूण सोलत होती. परवा रविवारी धाकट्या इसिडोरचं लग्न. मरोळच्या त्या घरात सोलायला लसूण होता, निवडायला तांदूळ होते आणि टोमणे मारायला पाहुणे होते. कशाची म्हणून कमी नव्हती.

"तिचा गड्डा राहिलाय," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"गड्ड्याचं काय घेऊन बसलीस?"

"तूच विचारलंस काय राहिलंय. मी सांगितलं."

गड्डा म्हणजे सुरणाचा गड्डा. या घराची ही जुनी खोड, तिला रीत म्हणायचं तर म्हणा. सून घरात आली की माहेरचा सुरण आणते आणि पावसाळ्याआधी मागच्या परसात लावते. ज्या बाईचा गड्डा, तिनेच तो उकरायचा. पान पिवळं पडून लवंडलं की काढायचा, मोठा भाजीला, बाजूचं पिल्लू पुन्हा त्याच आळ्यात. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, नवऱ्याने तर नाहीच नाही. बाई वारली म्हणजे मात्र घरचे पुरुष तिचा गड्डा काढतात आणि चर्चमध्ये महिन्याचा मिसा झाल्यावर जे जेवण होतं त्यात त्याची भाजी करतात. उर्सुलाच्या सासूचा असाच काढला होता. सासू जन्मभर टोचून बोलली, पण भाजी गोड झाली, असं उर्सुला त्या पंगतीत म्हणाली होती आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली होती.

आता परसात तीन आळी होती. उर्सुलाचं, थोरल्या सुनेचं म्हणजे पेट्रिशियाचं आणि इव्हाचं. मे महिन्यात तिथे पाहण्यासारखं काही नसतं. पान वाळून मातीला मिळालेलं, गड्डा खाली झोपलेला, वर नुसती ढेकळं. कुठलं आळं कुणाचं हे बायकांना पाठ होतं. पुरुषांनी कधी विचारलं नव्हतं.

"इसिडोर, तू बोल की," झेवियर म्हणाला. "लग्न तुझं आहे ना?"

इसिडोर खांबाला टेकून उभा होता. गेली कित्येक वर्षं तो याच ओटीवर झोपत आला होता. "वैनीला घालवून मला खोली नको," तो म्हणाला.

"मग सिसिलियाला घेऊन इथंच झोप. येणारे-जाणारे गुड नाईट म्हणतील."

इसिडोर खांबाचा रंग नखाने खरवडायला लागला. त्याला वहिनी हवी होती आणि खोलीही हवी होती. चांगल्या माणसांची वाट अशीच लागते.

पेट्रिशिया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला इव्हाशी वैर नव्हतं. तिचं गणित सोपं होतं. पुढची खोली सासूची, मधली तिची आणि मुलांची, मागची इव्हाची. मागची रिकामी झाली नाही तर नवी जोडी मधल्या खोलीत येणार आणि आपण पोरांना घेऊन ओटीवर. तेव्हा ती म्हणाली, "माय, तिचंही वय आहे. नोकरी आहे. वर्सोव्याला भाऊ आहे, घर आहे. इथं ती काय नुसती वाट बघत बसणार?"

"कुणाची वाट?" उर्सुलाने विचारलं.

पेट्रिशिया पदर खोचून आत वळली.

खरं म्हणजे उर्सुलाला इव्हाला घालवायचं नव्हतं. पण घर झेवियरच्या पगारावर चालत होतं, आणि थोरल्या मुलाला तोंडावर नाही म्हणण्याची तिची सवय नवरा गेल्यापासून मोडली होती. असल्या वेळी माणूस रीतीच्या मागे लपतो. तीही लपली.

"गड्डा जमिनीत आहे तोवर ती इथली," ती म्हणाली.

"तो कुजून गेला असेल. ह्युबर्ट गेल्यापासून तिने उकरलाय कुठे?"

"कुजला असला तर गोष्ट वेगळी."

हे वाक्य तिने बोलायला नको होतं. लसणाच्या पाकळीबरोबर ते सुटून गेलं आणि झेवियरने ते बरोबर झेललं.

*

शनिवारी सकाळी उर्सुला पाहुण्यांना घेऊन नवरीची साडी पोचवायला कुर्ल्याला गेली. इव्हा पहाटेच्या पाळीला. ती अंधेरीच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. घर मोकळं होतं.

मागच्या बाजूला स्वयंपाकाचा मांडव घालायला धोंडिराम बांबू घेऊन आला होता. त्याने परसात इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "शेट, खांब कुठं रोवू?"

"थांब, मीच खड्डा करून देतो," झेवियर म्हणाला.

"तुम्ही कशाला? माणसं आहेत ना माझी."

"घरचं काम आहे रे."

मागच्या दारापासून विहिरीपर्यंत आळी एका रांगेत होती. विहिरीजवळच्या आळ्यावर कोंबड्यांचं जुनं डालगं उपडं घातलेलं होतं. झेवियरने विचार केला. जुनं ते पाण्याजवळ. आजीच्या काळी पाणी ओढायचं म्हणजे हाताने, तेव्हा पहिलं आळं विहिरीला लागून असणार. म्हणजे डालग्याखालचं मायचं, मधलं पेट्रिशियाचं आणि हे दाराजवळचं शेवटचं, ते इव्हाचं. स्टोअरकीपर माणूस. जुना माल कुठे आणि नवा कुठे, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बायका मात्र दारापासून मोजत होत्या. सून दारातून येते, विहिरीतून नाही.

पहार दोनदा घातली आणि तिसऱ्यांदा माती आत खचली. झेवियर गुडघ्यांवर बसून हाताने उकरायला लागला. आत कुजका चिखल निघेल, तो आईला दाखवू, म्हणजे कुणी कुणाला वाईट बोलायला नको, अशी त्याची आशा होती. निघाला तो चांगला नारळाएवढा गड्डा, घट्ट, निरोगी, आणि मधोमध कोंबाचा गुलाबी डोळा वर आलेला.

ह्युबर्टची त्याला फार आठवण आली. लहानपणी दोघं याच परसात गोट्या खेळत आणि आळ्यात गोटी गेली की आजी दोघांनाही बडवत असे. झेवियरला वाटलं, तसाच परत पुरावा. पण धोंडिराम बांबू धरून उभा होता आणि खड्डा तयार होता.

"मस्त निघालाय की," धोंडिराम म्हणाला.

"खांब घाल," झेवियर म्हणाला.

गड्डा त्याने गोणपाटात गुंडाळून स्वयंपाकघरात आणला. "खांबाच्या जागेतच आला. लग्नाच्या भाजीत घाल," तो बायकोला म्हणाला. "आणि आता बोलू नकोस काही. संध्याकाळी मायला मी सांगेन."

पेट्रिशिया त्याच्याकडे बघत राहिली. ओटीवर बोलणं वेगळं आणि हे वेगळं. "तू तिचा गड्डा काढलास? ती जिवंत असताना?"

"रीत मोडली तर मोडली. १९७२ साल आहे. चंद्रावर माणसं गेली."

"चंद्रावर जाऊन त्यांनी कुणाचा गड्डा नाय काढला," पेट्रिशिया म्हणाली, पण तोवर तो बाहेर गेला होता.

*

इव्हाचा सुरण म्हणजे घरातली चेष्टेची गोष्ट होती. तिच्या आईने तो मढच्या टेकडीवरून आणून दारात जगवलेला. रानातला, अस्सल खाजरा. लग्नाच्या वर्षी त्याची भाजी झाली तेव्हा चिंचेच्या पाण्यात उकळूनही अख्ख्या घराचे घसे खवखवले होते. "चोर आला तर याची एक फोड तोंडावर फेकायची," ह्युबर्ट म्हणायचा. घरातल्या बायका त्याला चिरायच्या आधी कोपरापर्यंत खोबरेल चोपडत.

पेट्रिशियाने तेच केलं. तेल लावलं, शेजारी चिंचेचं पाणी ठेवलं, जीव मुठीत धरून कडेची फोड कापली. खाज आली नाही. तिने आणखी एक फोड कापली. मग हात धुऊन, पुसून, कोरड्या बोटाने रस चाचपला. काही नाही. कापलेला भाग उजेडात धरला. इव्हाचा आतून पिवळट पांढरा असायचा. हा फिकट गुलाबी होता.

गुलाबी सुरण या घरात एकाच बाईने आणला होता. आगाशीच्या माहेरून, गाडीने, मांडीवर घेऊन.

पेट्रिशियाने विळी बाजूला सारली आणि जमिनीवर बसली. सासू कुर्ल्याला नवरीची साडी देत असेल, हसत असेल, आणि इथे तिच्या मुलाने तिचा गड्डा काढून चिरायला दिला होता. म्हणजे मेलेल्या बाईचा काढतात तसा. तिने स्वतःच्या हाताने दोन फोडी कापल्या होत्या. तिला नवऱ्याचा इतका राग आला की आधी तिने क्रूस काढला आणि मग शिवी दिली.

दुपारी इव्हा आली. डबा ठेवला आणि रोजच्यासारखी सरळ विहिरीकडे गेली. पेट्रिशिया तिच्या मागोमाग.

"इव्हा, एक गोष्ट झालीय."

इव्हाने खांब पाहिला होता. दाराजवळच्या आळ्यात उभा असलेला बांबू, भोवती ठोकून बसवलेली माती. "मायचा गड्डा कुठे आहे?" तिने विचारलं.

"माझ्याकडे. थोडा कापलाय. डोळा शाबूत आहे." पेट्रिशियाचा आवाज खाली आला. "त्याला वाटलं तो तुझा."

इव्हाने पोहरा विहिरीत सोडला. मग म्हणाली, "म्हणजे माझा काढायला निघाले होते."

"हो."

"उद्या भाऊ येणार तर त्याच्याबरोबर मला पाठवायचं. त्यानेच सांगितलं मला गुरुवारी. म्हणाला, इव्हा, तुझ्या थोरल्या दिराने निरोप पाठवलाय, मी काय करू? मी म्हटलं, लग्नाला ये, जेव, आणि एकटा परत जा."

पेट्रिशियाला खाली बघावंसं वाटलं, पण तिने बघितलं नाही. "ऐक माझं. माय यायच्या आधी आपण दोघी तो कुठेतरी पुरून टाकू. कोणाला कळणार नाय. आणि खोलीचं मी झेवियरला सांगते. खोली तुझीच. तो आता माझ्यापुढे तोंड उघडत नाय, बघ तू."

सौदा चांगला होता. दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे घेतला असता. इव्हालाही क्षणभर वाटलं, घ्यावा. चार दिवस सुखात जातील. पण पुढच्या मे महिन्यात परत कुणीतरी ओटीवर विचारील, हिचं इथे राहिलंय काय, आणि आपण परत डब्यावर डबे भरत त्या प्रश्नाची वाट बघायची.

"नको वैनी," ती म्हणाली. "लपवून राहायचं असतं तर माहेर काय वाईट होतं?"

"अगं, पण मायला किती लागेल."

"लागू दे. माझा काढला असता तर मला लागलंच असतं ना? तेव्हा भाजी करणार होता तुम्ही."

हे खरं होतं, आणि पेट्रिशियाला ते मान्य करावं लागलं. ती विहिरीच्या कठड्यावर बसली. "मी तेल लावून बसले होते गं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

इव्हाने तिला रडू दिलं. मग विहिरीजवळचं डालगं उचललं. "इकडे बघ."

माती फुटून वर आली होती. फटीतून मुठीपेक्षा जाड, टोकदार, हिरवट तपकिरी कळी उभी होती, एकावर एक पदर घट्ट गुंडाळलेली.

"हे काय?"

"फूल. सुरणाचं."

"सुरणाला फूल येतं?"

"उकरला नाय तर येतं. आमच्या टेकडीवर यायचं." इव्हा मांडी घालून बसली. "ह्युबर्टने कधी बघितलं नव्हतं. म्हणायचा, आमच्या घरात सुरणाला फुलायला कुणी सवडच देत नाय. तुझा या वर्षी राहू दे, बघूया तरी. म्हणून मी राहू दिला. पान आलं नुसतं. मग तो कामावर विजेच्या खांबावरून पडला. मग मी उकरलाच नाय. दर वर्षी पान मोठं होत गेलं. या वर्षी पान आलं नाय, हे आलं. रोज सकाळी पाळीला जायच्या आधी बघते. कोंबड्या टोचतील म्हणून झाकलं." तिने कळीच्या बुडाशी चार बोटांनी माती सारली. "हे फुलेपर्यंत मी हलणार नाय. आणि फुलल्यावर पण हलणार नाय, वैनी. मला हे घर आवडतं. कुणाला आवडो न आवडो."

पेट्रिशियाने पदराने नाक पुसलं. "लग्नाचं उंबराचं पाणी काढायला सगळे इथंच येणार संध्याकाळी," ती म्हणाली.

"येऊ देत ना."

*

संध्याकाळी बँड वाजायला लागला. उंबराचं पाणी म्हणजे लग्नाआधी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरदेवाला अंघोळ घालतात. सगळ्यात पुढे लाल लुगडं नेसून डोक्यावर कळशी घेतलेली उर्सुला. मागे आत्या, मावश्या, शेजारणी, पोरंबाळं, आणि शेवटी उगाच कॉलर ओढत चाललेला इसिडोर. मागच्या दारातून मिरवणूक परसात उतरली आणि उर्सुला थांबली. ती थांबली म्हणून सगळे थांबले. क्लॅरिनेटवाला तेवढा थोडा वेळ वाजवत राहिला.

तिच्या आळ्यात बांबू उभा होता.

तिने कळशी खाली ठेवली. वाकून बांबूच्या बुडाची माती पाहिली, ताजी, उकरलेली. मग सरळ उभी राहिली आणि विचारलं, "कोण वारलं?"

कुणाला काही कळेना. एक आत्या म्हणाली, "अगं, शुभ वेळ आहे, काय बोलतेस?"

"माझा गड्डा काढलाय. बाई वारल्याशिवाय काढत नायत. मग मी विचारते, कोण वारलं?"

झेवियर मांडवाच्या कोपऱ्यात पातेली मांडत होता. त्याने खांबाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, आणि हिशेब कुठे चुकला ते त्याला समजलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो पन्नास माणसांसमोर पांढराफटक पडला.

"माय, तुझा नव्हता काढायचा," तो म्हणाला.

"मग कुणाचा काढायचा होता?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. खांबाची जागा, धोंडिरामची माणसं, काहीही. पण पेट्रिशिया गोणपाटात गुंडाळलेला गड्डा घेऊन दारातून आली. तिने तो सासूच्या पायाशी ठेवला आणि मागे सरकली, ती नवऱ्याशेजारी नाही, इव्हाशेजारी उभी राहिली. हे सगळ्यांनी पाहिलं.

"इव्हाचा," झेवियर म्हणाला.

"ती वारली?"

"नाय."

"मग?"

इव्हा पुढे आली. तिच्या अंगावर अजून कंपनीतली साडी होती, बदलायला वेळ मिळाला नव्हता किंवा तिने काढला नव्हता.

"माय, दादांनी चुकून तुमचा काढला. माझा इथे आहे, विहिरीजवळ. मी सगळ्यांच्या समोर सांगते, म्हणजे परत परत सांगायला नको. मी जाणार नाय. इसिडोरला खोली पाहिजे, ती घ्या. मी स्वयंपाकघरात झोपेन. पगार घरात देते, तो देईन. पण मला इथून जा असं कुणी सांगायचं नाय. ह्युबर्ट असताना मी जशी होते तशीच मी आहे."

आवाज चढलेला नव्हता. वेष्टनं नीट बंद झाली की नाही हे तपासताना तिचा असतो तसाच होता. मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं. इसिडोर मागून म्हणाला, "वैनी स्वयंपाकघरात झोपणार असेल तर मी लग्नच नाय करत," आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

उर्सुला गोणपाट सोडून खाली बसली होती. गड्ड्यावरून हात फिरवत होती. कापलेली बाजू, तिचा गुलाबी रंग. आगाशीचं घर आता उरलं नव्हतं, भाऊ नव्हता, दारातली विहीर बुजली होती. राहिलं होतं ते एवढंच, दर वर्षी ती स्वतःच्या हाताने काढायची आणि स्वतःच्या हाताने परत ठेवायची. आणि ते तिच्याच मुलाने चिरायला दिलं. तिला झेवियरचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. कुजला असला तर गोष्ट वेगळी, असं कोण म्हणालं होतं? पोराने फक्त पहार घातली. वाट तिनेच दाखवली होती.

"झेवियर," ती म्हणाली, "माझा गड्डा काढलास, बरं केलंस. मेलेल्या बाईला खोली लागत नाय. पुढची खोली इसिडोरला दे."

"माय, असं नको बोलूस."

"मी काय रडून बोलते? माझी खाट उचल आणि मागच्या खोलीत टाक, इव्हाच्या शेजारी. ती घोरते का ते मला आजपर्यंत कळलेलं नाय."

कुणीतरी हसलं. उर्सुला हसली नाही. ती उठून इव्हासमोर उभी राहिली आणि गड्डा तिच्या हातात दिला.

"माझं आळं तर खांबाने खाल्लं. तुझ्या शेजारी जागा आहे?"

"आहे, माय."

"मग मला तू लाव."

रीतीत हे कुठेच बसत नव्हतं. एकीचा गड्डा दुसरीने लावायचा नसतो. मोठी आत्या तसं बोलणार होती, पण पेट्रिशियाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते बोलणं आतल्या आत राहिलं. इव्हाने डोळ्याचा भाग नीट राखून कापलेल्या बाजूला चुलीतली राख चोपडली. झेवियरने न सांगता पहार आणली आणि ती दाखवील तिथे खड्डा केला. या खेपेला त्याने दोनदा विचारलं, इथेच ना.

पाणी भरायला मग उशीर झाला. बँडवाले कुरकुरले. पहिली कळशी इव्हाने नव्या आळ्यात ओतली आणि दुसरी इसिडोरच्या अंघोळीसाठी भरली.

*

रविवारी चर्चमधून वऱ्हाड परतलं तेव्हा उन्हं उतरली होती. सिसिलिया पांढऱ्या झग्यात, हातात फुलांचा गुच्छ, आणि तिच्या भावाच्या हातात कापडात बांधलेला कुर्ल्याचा सुरण. घरची रीत तिने आधीच विचारून घेतली होती, एवढी ती हुशार होती.

जेवायला पानं मांडली आणि वास सुटला. आधी वाटलं गटाराचा. मग वाटलं, माळ्यावर उंदीर मेलाय. धोंडिराम बाकांखाली वाकून वाकून बघत होता. तळलेल्या मैद्याच्या फुग्यांच्या आणि डुकराच्या मटणाच्या इंद्यालाच्या वासातूनही तो वास वाट काढत होता. कुर्ल्याची पाहुणेमंडळी सभ्यपणे रुमाल काढायला लागली.

इव्हा वाढता वाढता वाडगा तसाच ठेवून विहिरीकडे गेली. डालगं बाजूला करायची गरजच नव्हती, ते आपोआप कलंडलं होतं. फूल उघडलं होतं. घंटेएवढा जांभळट तपकिरी झालरीचा पेला आणि मधोमध सुरकुतलेला मोठा गोळा, काळपट लाल, त्यावर माश्या घोंगावत होत्या. सुंदर म्हणावं असं त्यात काही नव्हतं. ती उकिडवी बसली. इतक्या वर्षांत लोकांसमोर न आलेलं रडू तिला त्या घाणीत आलं. "बघ रे," ती म्हणाली. "फुललं शेवटी. किती घाण वास मारतंय बघ." ह्युबर्ट असता तर हसून हसून आडवा झाला असता.

मागे पावलं वाजली. झेवियर होता, हातात कोयता. फुलासमोर तो उभा राहिला, नाकाला हात लावला नाही. "पाहुणे विचारतायत," तो म्हणाला. मग कोयता कठड्यावर ठेवून दिला आणि तिच्या शेजारी जरा वेळ उभाच राहिला.

मांडवात कुर्ल्याच्या मोठ्या मावशीला आता राहवेना. तोंडावर रुमाल धरूनच ती म्हणाली, "विहिणबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण कसला हो हा वास?"

उर्सुलाने हातातला फुगा मोडला, इंद्यालात बुडवला आणि नीट खाल्ला.

"माझ्या सुनेचं फूल आहे ते," ती म्हणाली. "मी आता राहते ना जिच्या खोलीत, ती."